तीस दिवसांचा दाखला

आमच्या आबांना इंग्रजीची सहाच अक्षरं येत होती. ए, बी, सी, डी, ई, एफ. सातवं मी शिकवलं नाही, कारण सातव्याची गरजच पडत नव्हती. त्या सहा अक्षरांच्या जिवावर माझ्या बापानं एका बाईचं गुपित सांभाळलं, आणि ते सांभाळताना सख्ख्या लेकीवर भर दुपारी फोनवर अविश्वास दाखवला. मला तेव्हा इतका राग आला होता म्हणून सांगू!

आबा सिरसाळ्याच्या बाजारात जनावरांची दलाली करायचे. त्यांच्या धंद्यात भाव तोंडानं सांगत नाहीत. घेणाऱ्याचा हात हातात घ्यायचा, वरून उपरणं टाकायचं आणि खाली बोटं धरून आकडा सांगायचा. मग तसंच विकणाऱ्याशी. भोवती वीस माणसं माना उंचावून उभी असायची, आणि हे तिघं तोंडानं भुईमुगाच्या शेंगांच्या गप्पा मारत असायचे. उपरणं उचललं की सौदा झाला. खाली काय ठरलं ते आबा नंतर कुणालाही सांगत नसत. आई चिडायची. "घरात सांगाय काय हुतंय? मी काय बाजारात दवंडी पिटनार हाय का?" आबा नुसते हसायचे.

हीच रीत त्यांनी माझ्यासाठीही वापरली. मला बघायला पहिली मंडळी आली, तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर आबा माझ्याशेजारी येऊन बसले आणि उपरणं सहज माझ्या हातावर पडू दिलं. मूठ म्हणजे होय, एक बोट म्हणजे न्हाई, हे आमच्या दोघांत लहानपणापासून ठरलेलं. पाव्हण्यांसमोर "अजून एक लाडू घेऊ का" हे मी तसंच विचारायची. त्या दिवशी मी त्यांच्या हातात एक बोट दिलं. आबांनी पाव्हण्यांना पानसुपारी दिली, चार गोड शब्द बोलले आणि वाटेला लावलं. मी नको म्हणाले हे आईलासुद्धा कळलं नाही. ती बिचारी कित्येक दिवस पोह्यात मीठ जास्त झालं असंच समजत होती.

औरंगाबादहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून मी परत आले, तेव्हा एस.टी.डी. बूथवाल्यांनी 'इंटरनेट' अशा पाट्या लावायला नुकतीच सुरुवात केली होती. मला परळीत नोकरी लागली, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. तिथंच एक खोलीही घेतली, घरी अधूनमधून यायची. रक्त-लघवी तपासायची खाजगी लॅब, चालवणारी एक डॉक्टरीणबाई. बाई कडक, पण मनानं लोण्यासारखी. माझं काम रिपोर्ट टाइप करायचं आणि प्रिंटरची समजूत काढायची.

खेड्यांवर रिपोर्ट कसे जायचे ते ऐका. पाकिटात घालायचे, पिन मारायची आणि त्या गावाला जाणारं जे कुणी भेटेल त्याच्या हाती द्यायचे. पिन काढायला काय लागतं? एकदा असंच एका बाईचं पाकीट गेलं. एच.आय.व्ही.चा रिपोर्ट होता. पाकीट तिच्या दारात पोचायच्या आधी अख्ख्या गल्लीनं वाचलेलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत तिचं ताट-तांब्या वेगळं झालं होतं. त्या काळात त्या रोगाचं नाव घेतलं तरी लोक चूळ भरायचे. ती बाई नंतर कुठं गेली ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्या दिवशी मला आत बोलावलं. "मला असं काहीतरी करून दे, की ज्याचा रिपोर्ट त्यालाच दिसेल. तुझ्या त्या इंटरनेटवर होतं का असं?"

होतं. मुंबईच्या एका कंपनीकडे भाड्यानं जागा घेऊन मी साधी साइट बनवली. पेशंटला एक नंबर आणि एक गुप्त शब्द द्यायचा, तो कुठल्याही बूथवर टाकला की रिपोर्ट पुढ्यात. पण साध्या साइटवरून जाणारा मजकूर म्हणजे उघडं पोस्टकार्ड, वाटेत कुणीही वाचावं. तो बंद करून पाठवायचा तर साइटला सुरक्षेचं सर्टिफिकेट लागतं. त्यानं दोन कामं होतात. मजकूर झाकला जातो, आणि समोर खरोखर आपलीच लॅब आहे, भलताच कुणी नाही, याचा दाखला मिळतो.

आता हा दाखला बनवायचा कशानं? एका रविवारी आबा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते, त्यांच्यापुढं मी माझं रडगाणं लावलं. पहिला रस्ता म्हणजे परदेशातल्या मोठ्या कंपनीकडून विकत घेणं. त्यांना डॉलर पाहिजेत, क्रेडिट कार्ड पाहिजे, आणि लॅबची सगळी कागदपत्रं इंग्रजीत फॅक्सनं पाहिजेत. आमच्या डॉक्टरीणबाईंचं रजिस्ट्रेशन माहेरच्या नावावर, लॅबची पाटी सासरच्या. कंपनीचं उत्तर आलं, नाव जुळत नाही. दुसरा रस्ता लई सोपा. एक फुकट साइट होती, तिथं नाव-गाव भरून बटण दाबलं की किल्ली आणि सर्टिफिकेट दोन्ही तयार होऊन हातात. मला तर तेच आवडलं होतं.

आबांनी शेंग तोंडाजवळच थांबवली. "म्हंजी किल्ली त्येंच्या घरात तयार व्हनार?"

"हो."

"आन तेंनी एक आपल्यापाशी ठिवून घेतली तर?"

"ठेवत नाहीत म्हणे."

"कोन म्हनतंय?"

"तेच म्हणतात."

आबा माझ्याकडं असे बघत राहिले, की डिप्लोम्याची फी वाया गेल्यासारखं मला वाटलं. मग त्यांनी पुढची शेंग फोडली.

राहिला तिसरा रस्ता. फुकटातलंच एक सॉफ्टवेअर, पण ते आपल्याच मशीनवर चालायचं. त्याला बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळा पडदा, त्यावर लांबलचक हुकूम टाइप करायचे, एक टिंब चुकलं की अंगावर खेकसायचं. पण किल्ली आपल्याच घरात तयार व्हायची आणि घरातच राहायची. मी तेच घेतलं. किल्ली घडवताना ते मागतं, की कुणाला अंदाज करता येणार नाही अशी एखादी फाईल द्या, तिच्यातून आम्ही आकडे ढवळून काढू. मी त्याला आमच्या खिल्लारी बैलाचा स्कॅन केलेला फोटो दिला. आबांना हे सांगितलं तर केवढे खूश! "म्हंजी किल्लीत आपला बैल हाय!" त्यांनी ते बाजारात कुणाला सांगितलं मात्र नाही. गुपित ते गुपित.

या घरगुती सर्टिफिकेटात एक खोट होती. मजकूर झाकायचं, पण त्याच्या खरेपणाची ग्वाही बाहेरचं कुणी देत नव्हतं. आपणच आपला दाखला लिहून आपणच सही ठोकलेली. त्यामुळं साइट उघडली की कॉम्प्युटर एक चौकट दाखवायचा, तीन ओळींची. पहिल्या ओळीपुढं पिवळा त्रिकोण, दाखला देणारा ओळखीचा नाही. खालच्या दोन ओळींना हिरवी खूण, तारीख बरोबर, नाव बरोबर. आणि शेवटी विचारायचं, पुढं जायचं का? सिरसाळ्याचा बूथवाला पहिल्यांदाच ती चौकट बघून ओरडला, "मॅडम, हे तर म्हनतंय भरवसा न्हाई!" रिपोर्ट बघायला आलेला म्हातारा तसाच उठून निघून गेला.

मी कपाळाला हात लावला. आबांना मात्र त्यात काही नवल वाटलं नाही.

"बराबर हाय की. उपरनं हाय, पन मधी वळखीचा मानूस कुटं हाय? परक्याच्या हातात हात कोन दील?" मग म्हणाले, "मी बसतो मधी."

हसू नका, ते अगदी बरोबर होतं. प्रत्येक सर्टिफिकेटाला त्याची अशी एक खूण असते. चाळीस अक्षरं-आकडे, चार-चारच्या दहा गटांत. सर्टिफिकेट जरा जरी बदललं तरी खूण पार बदलते. पिवळा त्रिकोण आला तरी ती खूण आपल्या हातातल्या खुणेशी जुळली, की समोर आपलीच लॅब आहे हे पक्कं. आणि त्या खुणेत इंग्रजीची सहाच अक्षरं येतात. मी ती आबांना आठवडाभरात शिकवली. जनावराच्या कपाळावरचा भोवरा बघून बैल कुणाच्या दावणीचा ते सांगणारा माणूस, त्याला सहा अक्षरं काय जड? खूण मी मोठ्या अक्षरात कागदावर लिहून त्यांच्या हातात दिली आणि मोठ्या तोऱ्यात बजावलं, "आबा, हा कागद मी हातानं दिलाय. याच्याशी जुळलं तरच होय म्हणायचं. दुसरं कुणी काहीही सांगू दे, ऐकायचं नाही. मी फोन केला तरी नाही."

"फोन केला तरी न्हाई," आबा म्हणाले.

तेव्हापासून दर बाजाराला आबा दुपारचे बूथवर बसू लागले. कुणी रिपोर्टला आलं की ते ती चौकट उघडायला लावायचे, चष्मा लावून एकेक गटावर बोट ठेवत खूण जुळवायचे आणि म्हणायचे, "हाय, आपलंच हाय. दाब." आणि स्वतः रस्त्याकडं तोंड करून बसायचे. लोकांना सर्टिफिकेट काय कळणार? पण आबा कळत होते. महिनाभर सगळं झकास चाललं.

आणि मग बाईसाहेबांनी, म्हणजे मी, माती खाल्ली. त्या काळ्या पडद्याच्या सॉफ्टवेअरला सर्टिफिकेट किती दिवसांचं करायचं ते सांगावं लागतं. सांगितलं नाही तर ते आपल्या मनानं तीस दिवसांचं करतं. मी सांगितलंच नव्हतं! एकतिसाव्या दिवशी सकाळी लॅबमध्ये साइट उघडली तर दोन पिवळे त्रिकोण, दुसरा तारखेपुढं. मी धावतपळत नवं केलं, या खेपेला वर्षाचं, चढवलं आणि दुसऱ्या कामाला लागले. नव्या सर्टिफिकेटाची खूण नवी असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. आणि त्याच बाजाराला एक बाई रिपोर्ट बघायला येणार होती.

तिला मी लॅबमध्ये पाहिलं होतं. सिरसाळ्याच्या पलीकडं त्यांची वस्ती, घरात मेंढरं. नवरा ट्रकवर होता, तो वाळत वाळत गेल्या वर्षी वारला. डॉक्टरीणबाईंनी तिला एच.आय.व्ही.ची तपासणी करून घ्यायला लावली होती. सोबत चार वर्षांची लेक. रक्त देताना तिनं डोळेसुद्धा मिटले नाहीत, फक्त एवढंच म्हणाली, "बाई, घरी कुनाला कळलं तर पोरीला ठिवून घेतील आन मला भाईर काडतील. कळाय नको." परळीला पुन्हा यायचं तर घरचे विचारणार, कशाला? सिरसाळ्याच्या बाजाराला मात्र कुणी काही विचारत नव्हतं. म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिचा रिपोर्ट स्वतः टाइप करून साइटवर ठेवला होता. बूथवर त्याची प्रिंट काढून ती तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सकडून वाचून घेणार होती. त्यात काय होतं ते मलाही माहीत नव्हतं.

दुपारी फोन वाजला. आबा.

"बाई, खून जुळंना."

तेव्हा कुठं मला कालचा घोळ कळला. मग वाटलं, त्यात काय एवढं! "आबा, ती मीच काल बदलली. जुनं संपलं होतं. तुम्ही होय म्हणा."

"नवी खून माझ्यापाशी न्हाई."

"सांगते ना! घ्या लिहून."

"फोनवर?"

"हो, फोनवर!"

"फोनवर कोन बोलतंय ते मला दिसत न्हाई, माय."

"आबा! मी बोलतेय! तुमची लेक!"

"आवाज तुजाच हाय," आबा शांतपणे म्हणाले. "पन तूच बोल्लीवतीस, मी फोन केला तरी न्हाई. बाई बसलीय हितं. पाच वाजता तिला मेंढराकडं जायाचंय. काय करायचं ते तू बघ." आणि फोन ठेवला.

सांगते, त्या क्षणी मला बापाचा असा संताप आला, की फोन उचलून भिंतीवर आपटावा. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "मग जा ना." मी नवी खूण कागदावर लिहिली, ताडून पाहिली आणि स्टँडवर पळाले. एस.टी. भरलेली, मी दारात उभी. सिरसाळ्यापर्यंत मनातल्या मनात आबांशी भांडले. लेकीचा आवाज ओळखतो आणि ऐकत नाही, हा कुठला न्याय? पण प्रत्येक मुद्द्याला आबांचं एकच उत्तर ऐकू येत होतं, आणि ते माझंच वाक्य होतं.

बूथवर पोचले तर ती बाई कॉम्प्युटरसमोरच्या स्टुलावर पदर गच्च धरून बसलेली. आबा शेजारी. त्यांनी मला "आलीस का" एवढंही विचारलं नाही. हात पुढं केला. मी कागद दिला. त्यांनी चष्मा लावला आणि पडद्यावर बोट ठेवून सुरुवात केली. एक गट, दोन गट, तीन. आठव्यावर थांबले. 

"चष्मा पूस जरा," ते म्हणाले. मी पदरानं पुसून दिला. नववा, दहावा. "हाय. आपलंच हाय. दाब."

तेवढ्यात एक माणूस फोन करायला म्हणून आत आला आणि थबकला. "वैनी? तुमी हितं कावून?"

तिचा दीर होता तो. बाईचा चेहरा पांढरा फटक. पण आवाज हलला नाही. "पोरीच्या शाळंचं बगतेय भाऊजी. ह्या म्याडम सांगायल्यात."

"आस्सं?" म्हणून तो तिथंच खांबाला टेकून उभा राहिला. फोनची केबिन रिकामी होती, तरी हलेना. पडद्यावर रिपोर्ट उघडलेला, सगळा इंग्रजीत. दिराला इंग्रजी येत नव्हतं, बाईला वाचायलाच येत नव्हतं. येत होतं ते एकट्या मला, आणि मी एक शब्द जरी तोंडानं बोलले असते तर तो खांबापर्यंत गेला असता. मी वाचला. आता तिला सांगू कसं?

आबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. घाम पुसल्यासारखं केलं आणि सहज आमच्या दोघींच्या हातांवर पडू दिलं. मग खुर्ची फिरवून दिराकडं वळले. "काय पाव्हनं, औंदा मेंढरं किती?" माझी वाट बघत बसले होते त्या दोन तासांत त्यांनी तिला सगळं समजावून ठेवलं होतं. मूठ म्हणजे होय, एक बोट म्हणजे न्हाई. मला समजावायची गरज नव्हती.

उपरण्याखाली तिचा हात माझ्या हातात आला. मेंढरांची लोकर कातरून खरबरीत झालेला, थंडगार. मी तोंडानं बोलत होते, शाळेचा फॉर्म, जन्माचा दाखला, जून महिना. आणि खाली मी तिला सांगितलं.

काय सांगितलं ते मी लिहिणार नाही. माझ्या नवऱ्यानं विचारलं, पुढं मोठी झाल्यावर माझ्या लेकीनं विचारलं, तुम्हीही आता विचारत असाल. नाही सांगणार.

तिनं माझा हात थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग सोडला. चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटलं नाही. "मंग शाळंचं जमंल न्हवं म्याडम?" तिनं मोठ्यानं विचारलं.

"जमेल," मी म्हणाले. "पुढचं काही लागलं तर मी आहे."

ती उठली, पदर सारखा केला आणि आबांच्या पाया पडली. दिरानं विचारलं, "झालं का काम?" "झालं की," म्हणाली आणि त्याच्या पुढं चालू लागली.

आबा मला स्टँडवर सोडायला आले. एस.टी.ला वेळ होता. आम्ही सिमेंटच्या बाकावर बसलो.  जे कळलं होतं ते एकटीनं पोटात ठेवणं काय असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. या माणसानं असं कितीदा ठेवलं असेल! बसमध्ये आवळून धरलेला राग कुठं गेला कोण जाणे. मी म्हणाले, "आबा, तिचं..."

"नको सांगूस मला," आबा म्हणाले.

मला रडू आलं. भर स्टँडवर, चार माणसांत, मी मुसमुसून रडायला लागले. आबांनी इकडंतिकडं पाहिलं, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि माझ्या हातावर टाकलं. त्याखाली त्यांनी माझा हात धरला. मी वाट बघत राहिले, मूठ की बोट. दोन्ही नव्हतं. त्यांनी नुसता हात धरला होता, आणि एस.टी. लागेपर्यंत धरून ठेवला.